युरिया विरघळला, मग कण कुठे राहिला?

निपाणी किंवा बेळगावातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात गेलात, तर फळीवरच्या बाटल्यांवर औषधाच्या नावापुढे दोन अक्षरं छापलेली दिसतील. ईसी, एससी, एसएल, एमई. शेतकऱ्याला या अक्षरांची फोड माहीत नसेल, पण त्यांचा गुण माहीत असतो. ईसीचं औषध बादलीत ओतलं की पाणी दुधासारखं पांढरं होतं. एसएलचं ओतलं की पाणी पाण्यासारखंच राहतं. गेल्या काही वर्षांत याच फळीवर एक नवा शब्द येऊन बसला आहे, तो म्हणजे नॅनो. नॅनो युरिया, नॅनो डीएपी, आणि आता टॉनिकच्या बाटल्यांवरही नॅनो.

आपल्यापैकी बरेच जण नोकरीनिमित्त बेळगाव शहरात, बंगळूरला नाही तर पुण्याला राहतात. शेती गावाकडं, आणि ती बघतात वडील, काका किंवा मामा. हंगाम सुरू झाला की त्यांचा फोन येतो, कारण घरात शिकलेलं माणूस आपण. मग शिक्षण कशातलं का असेना! मी बीई करून सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, पण मामांच्या लेखी इंजिनियर म्हणजे इंजिनियर.

"ती नॅनोची बाटली घेऊ काय रं? पोत्याचं काम बाटली करतीय म्हणत्यात."

"मामा, कशाला देणार तुम्ही? सोयाबीनला?"

"उसाला. पर मला आधी एक सांग. युरिया पाण्यात इरघळतंय. मग त्यात बारीक कण कुठला ऱ्हातोय?"

हा प्रश्न लाखमोलाचा आहे. पाण्यात विरघळणाऱ्या वस्तूचा नॅनो कण करता येतो का, करायचा तर कसा, आणि तो टिकतो कसा? रसायनशास्त्रज्ञांनी या प्रश्नावर कित्येक वर्षं घालवली आहेत. त्यातून निघालेलं एक देखणं उत्तर म्हणजे मायक्रोइमल्शन. ते समजलं की बाटलीवरचं लेबल आपलं आपल्याला वाचता येतं.

कण आणि विरघळणं

एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की एक नॅनोमीटर. साधारण १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणाला नॅनो कण म्हणतात. आपल्या डोक्याचा केस ऐंशी हजार नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो, त्यावरून अंदाज करा.

आता स्वयंपाकघरात या. हळद पाण्यात टाकली तर पाणी पिवळं होतं, पण हळदीचा कण कणच राहतो. थोड्या वेळानं तळाशी बसतो. साखरेचं तसं नाही. साखर कितीही बारीक दळा, पिठीसाखर करा, ती हातात आहे तोवरच कण आहे. चहात पडली की पाण्याचे रेणू तिच्या एकेका रेणूला वेढतात आणि ओढून नेतात. एक रेणू म्हणजे कण नव्हे. कण म्हणायला शेकडो, हजारो रेणू एकमेकांना धरून बसलेले हवेत.

युरिया तर साखरेसारखाच पाण्याचा सोयरा. एका लिटर पाण्यात किलोभर युरिया विरघळतो. विरघळताना तो उष्णता ओढून घेतो, म्हणून बादली हाताला गार लागते. फवारणीचं पाणी कालवणाऱ्या प्रत्येकानं हे अनुभवलेलं असतं.

सोनं, चांदी, झिंक ऑक्साइड यांचे नॅनो कण पाण्यात ठेवता येतात, कारण मुळात पाणी त्यांना विरघळवत नाही. अडचण आहे ती मीठ, साखर, युरिया, क्षयरोगावरचं आयसोनियाझिड किंवा लोहाचे क्षार अशा पाणीप्रेमी पदार्थांची. त्यांचा कण करायचा म्हणजे पाण्यापासून त्यांना वाचवायचं, आणि शेवटी वापरायचे मात्र पाण्यातच. शरीर काय आणि पान काय, दोन्हीकडे पाणीच आहे.

दाणा केवढा होणार, ते कशावर ठरतं?

बारीक कण करायचे दोन मार्ग. मोठं फोडून लहान करायचं, नाही तर रेणूंपासून वाढवत न्यायचं आणि वेळीच थांबवायचं. दळण्याला मर्यादा आहे. एका हद्दीखाली कण पुन्हा एकमेकांना चिकटतात, आणि सगळे एकसारखे निघत नाहीत.

वाढवण्याचा मार्ग आपल्या आयांना ठाऊक असतो. तूप कढवून हळू निवू दिलं की रवाळ होतं, पटकन गार केलं तर रवा बारीक पडतो. दाट पाकात दोरा सोडून दिवसेंदिवस ठेवलं की खडीसाखरेचे मोठे खडे धरतात. म्हणजे दाण्याला वाढायला वेळ आणि माल मिळत राहिला की तो मोठा होतो. माल संपला की वाढ थांबते.

मग युक्ती अशी, की प्रत्येक दाण्याला मिळणारा माल आधीच मोजून द्यायचा. एका मोठ्या कढईऐवजी कोट्यवधी इवल्या वाट्या घ्यायच्या. वाटी जेवढी, तेवढा माल, आणि त्या बेतानंच दाणा. या वाट्या म्हणजे मायक्रोइमल्शनमधले पाण्याचे थेंब.

पांढरं पाणी आणि नितळ पाणी

तेल आणि पाणी एकत्र राहत नाहीत. त्यांना एकत्र ठेवायला मध्यस्थ लागतो, साबणासारखा. या रेणूचं डोकं पाण्याकडं ओढतं आणि शेपूट तेलाकडं. तो दोघांच्या सीमेवर उभा राहतो. सीमेवर राहून दोन्हीकडं नातं ठेवणं म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको!

ईसीच्या बाटलीत औषध, तेलासारखा द्रव आणि हा मध्यस्थ असतो. पाण्यात ओतलं की तेलाचे बारीक थेंब होतात आणि मध्यस्थ त्यांना वेढतो. हे इमल्शन. दूधही त्याच जातीचं. यातले थेंब प्रकाशाच्या लहरींच्या तोडीचे किंवा त्याहून मोठे असतात, म्हणून प्रकाश सगळीकडं विखुरतो आणि पाणी पांढरं दिसतं. डेटॉल पाण्यात टाकल्यावर जे पांढरं होतं, तेही तेलाचे थेंब बाहेर पडल्यामुळंच.

मध्यस्थ भरपूर घेतला आणि तेल, पाणी यांचं प्रमाण जुळवलं, तर एक वेगळीच गोष्ट घडते. थेंब १० ते १०० नॅनोमीटरपर्यंत, कधी त्याहूनही लहान होतात. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची लहर ४०० ते ७०० नॅनोमीटरची, त्यामुळं एवढ्या लहान थेंबांवरून प्रकाश फारसा विखुरत नाही. सगळं मिश्रण नितळ दिसतं. आणखी विशेष म्हणजे त्याला रवीनं घुसळावं लागत नाही. नुसतं ढवळलं तरी ते आपोआप तयार होतं आणि महिनोन् महिने तसंच राहतं. केंब्रिजच्या होअर आणि शुलमन यांनी १९४३ मध्ये अशा पारदर्शक मिश्रणांबद्दल लिहिलं. मायक्रोइमल्शन हे नाव शुलमन आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये दिलं. नाव मायक्रो, पण थेंब नॅनो, ही त्यातली गंमत. बाटलीवरची एमई ही अक्षरं याचीच.

मायक्रोइमल्शन दोन तऱ्हांचं असतं. पाण्यात तेलाचे थेंब, किंवा उलट, तेलात पाण्याचे थेंब. पाण्यात न विरघळणाऱ्या औषधांना पहिली तऱ्हा उपयोगी. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना लागणारं सायक्लोस्पोरिन १९९० च्या दशकात याच तत्त्वावर नव्या रूपात आलं. मुंबईत माटुंग्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत, म्हणजे आपल्या जुन्या यूडीसीटीत, प्रा. वंदना पत्रावळे यांच्या गटानं औषधांसाठी अशा वाहकांवर बरंच काम केलं आहे. पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थांसाठी मात्र दुसरी तऱ्हा लागते.

वाटीचा हिशेब

प्रयोगशाळेत यासाठी सर्रास वापरला जाणारा मध्यस्थ म्हणजे एओटी. हाच पदार्थ डॉक्युसेट सोडियम या नावानं बद्धकोष्ठावरच्या औषधात असतो. आयसोऑक्टेनसारख्या द्रवात एओटी घालून थोडं पाणी टाकलं, की एओटीचे रेणू डोकी आत आणि शेपट्या बाहेर करून पाण्याभोवती कडं करतात. थेंब केवढा होणार, ते पाणी आणि एओटी यांच्या प्रमाणावर ठरतं. एओटीच्या एका रेणूमागं पाण्याचे १० रेणू असतील, तर आतल्या पाण्याचा व्यास साधारण ३ नॅनोमीटर. २० असतील तर ६, आणि ४० असतील तर १२. वाटीचं माप आपल्या हातात!

६ नॅनोमीटरच्या एका वाटीत पाण्याचे सुमारे पावणेचार हजार रेणू मावतात. या पाण्यात चांदीचा क्षार, सिल्व्हर नायट्रेट, लिटरला एक दशांश मोल या प्रमाणात विरघळवला असेल, तर एका वाटीत चांदीचे सरासरी सातच आयन येतात. सात! शेतातल्या एका सऱ्यात सात बिया पडाव्यात, तसं.

आता दुसऱ्या भांड्यात अशाच वाट्यांमध्ये मिठाचं पाणी भरायचं आणि दोन्ही भांडी एकत्र करायची. बारावीच्या प्रयोगात सिल्व्हर नायट्रेटमध्ये मीठ टाकल्यावर पांढरा साका बसलेला आपण सगळ्यांनी पाहिलाय. इथंही तेच होतं, पण वाटीच्या आत. वाट्या एकमेकींवर आदळतात, क्षणभर जुळतात, आतला माल वाटून घेतात आणि पुन्हा वेगळ्या होतात. जिथं दोन्ही क्षार भेटले तिथं सिल्व्हर क्लोराइडचा दाणा धरतो. भोवतालच्या मध्यस्थाच्या कड्यामुळं तो फार वाढत नाही आणि शेजारच्या दाण्याला चिकटतही नाही. १९८२ मध्ये मागाली बुतोने आणि सहकाऱ्यांनी याच रीतीनं प्लॅटिनम, पॅलेडियम अशा धातूंचे ३ ते ५ नॅनोमीटरचे एकसारखे कण बनवले. तिथून पुढं ही रीत जगभर पसरली.

विरघळणाऱ्याचं काय?

पण सिल्व्हर क्लोराइड पाण्यात विरघळत नाही. सुरुवातीचे दोन्ही पदार्थ विरघळणारे, शेवटचा न विरघळणारा. हा झाला पहिला मार्ग, पदार्थाचं रूपच बदलायचं.

दुसरा मार्ग, वाटीतलं पाणी काढून घ्यायचं. उष्णता आणि निर्वात वापरून थेंबातलं पाणी उडवलं की आत विरघळलेला पदार्थ कोरडा कण होऊन तेलात राहतो. तेलात तो सुरक्षित असतो, कारण तिथं त्याला विरघळवायला कोणी नाही. मात्र हाच कण उघडा पाण्यात टाकला, की पिठीसाखरेचं जे होतं तेच त्याचं. उलट जास्त वेगानं, कारण कण लहान म्हणजे पृष्ठभाग जास्त.

तिसरा मार्ग सगळ्यात महत्त्वाचा. वाटीतच जाळं विणायचं. दिल्ली विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ अमरनाथ मैत्रा यांनी हे काम केलं. एओटीच्या वाट्यांमध्ये पाणी शोषणाऱ्या पॉलिमरचे घटक आणि विरघळणारा पदार्थ एकत्र ठेवायचे, आणि पॉलिमरचे धागे एकमेकांना जोडून टाकायचे. पदार्थ जाळ्यात अडकतो. मग तेल आणि एओटी धुऊन काढलं तरी १०० नॅनोमीटरहून लहान कण पाण्यात कण म्हणूनच राहतो, आणि आतला माल हळूहळू बाहेर येतो. मैत्रा आणि सहकाऱ्यांना या पद्धतीसाठी १९९९ मध्ये अमेरिकी पेटंट मिळालं.

यातून एक साधा नियम हाती लागतो. विरघळणाऱ्या पदार्थाचा कण पाण्यात टिकायचा असेल, तर त्याला घर हवं. जाळं, आवरण, कवच, काहीही म्हणा. घर नाही तर कण नाही.

या घराचं महत्त्व किती, याचं उदाहरण बेळगावातच आहे. रक्तपांढरी झालेल्या गर्भवती बाईला लोह द्यायचं तर ते विरघळलेल्या रूपात सरळ शिरेत सोडता येत नाही. मोकळं लोह रक्तात विषारी ठरतं. म्हणून शिरेतून देण्याच्या औषधात लोहाचा काही नॅनोमीटरचा गाभा असतो आणि त्याभोवती शर्करेच्या जातीच्या रेणूंचं आवरण. हे कण बनवायला मायक्रोइमल्शन लागत नाही, ते पाण्यातच तयार होतात, पण तत्त्व तेच. पेशी तो कण आत घेतात आणि लोह जपून, हळूहळू सोडतात. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या थॉमस जेफरसन विद्यापीठाबरोबर ‘रॅपिडआयर्न’ नावाची मोठी चाचणी हाती घेतली. कर्नाटक आणि राजस्थानातल्या ४,३२० गर्भवती महिलांसाठी आखलेल्या या चाचणीत एका गटाला नेहमीच्या लोहाच्या गोळ्या आणि दोन गटांना अशा दोन औषधांपैकी एकाचा शिरेतून एकच डोस, अशी तुलना होती. इथं कण कशाचा आहे, आवरण कशाचं आहे आणि एका डोसात लोह किती आहे, हे तिन्ही ठाऊक असतं. चाचणी घेता येते ती त्यामुळंच.

आता बाटलीकडं

नॅनो युरिया इफकोनं ३१ मे २०२१ रोजी बाजारात आणल्याचं जाहीर केलं. गुजरातमध्ये कलोल इथं त्याचा कारखाना आहे. अर्ध्या लिटरची बाटली, त्यात ४ टक्के नत्र, आणि दावा असा की वरखताच्या वेळी ४५ किलोच्या एका पोत्याचं काम ही बाटली करते. कण २० ते ५० नॅनोमीटरचे असल्याचं सांगितलं जातं.

सातवीतल्या मुलालाही जमेल असा हिशेब करू. ५०० मिलिलिटरच्या ४ टक्के म्हणजे २० ग्रॅम नत्र. पोत्यातल्या युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे ४५ किलोला २० किलो ७०० ग्रॅम. फरक हजारपटीचा.

यावर उत्तर दिलं जातं की जमिनीत टाकलेला युरिया बराच वाया जातो. खरं आहे. काही हवेत उडतो, काही पाण्याबरोबर वाहून जातो, पिकाला तिसरा हिस्सा किंवा फार तर अर्धा मिळतो. पण तिसरा हिस्सा धरला तरी पिकाला सुमारे सात किलो नत्र मिळालं. बाटलीतला कणन् कण पानानं शोषला, काहीच वाया गेलं नाही, तरी ते होतं २० ग्रॅम. काटकसरीनं तिप्पट फायदा होईल, साडेतीनशेपट कसा होणार? सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी १०० किलो. उसाच्या पानातल्या प्रथिनात आणि हरितद्रव्यात नत्राचे अणू लागतात, आणि अणू कुठून तरी यावेच लागतात. ते लहान केले म्हणून वाढत नाहीत.

२०२४ मध्ये नॅनो युरिया प्लस आला. त्यात २० टक्के नत्र, म्हणजे बाटलीत १०० ग्रॅम. हिशेब पाचपटीनं सुधारतो, तरी पोतं दोनशेपट दूरच राहतं.

आता मामांचा प्रश्न. ४ टक्के नत्रासाठी १०० मिलिलिटर द्रवात साडेआठ-नऊ ग्रॅम युरिया लागतो. तेवढ्याच पाण्यात शंभर ग्रॅमच्या आसपास युरिया विरघळू शकतो. म्हणजे मोकळा युरिया असेल तर तो सगळा विरघळलेलाच असणार, त्याचा कण राहणार नाही. प्लसच्या बाटलीतही हाच हिशेब लागू पडतो. बाटलीत कण असतील, तर ते युरियाला घर देणाऱ्या कुठल्या तरी न विरघळणाऱ्या पदार्थाचे असायला हवेत. मग युरियाचा किती हिस्सा त्या घरात आहे आणि किती बाहेर मोकळा विरघळलेला आहे, हा खरा प्रश्न होतो.

ते घर मायक्रोइमल्शननं बांधलं असेल का? पुन्हा हिशेब. समजा दोन्ही भांडी मिळून एक लिटर मायक्रोइमल्शन आहे, त्यात ५० मिलिलिटर पाणी आणि मघाचीच तीव्रता. तयार होणारं सिल्व्हर क्लोराइड अर्धा ग्रॅमसुद्धा भरत नाही. बाकी सगळं तेल आणि एओटी, आणि ते धुऊन काढायचं काम वेगळंच. ज्याचा ग्रॅमभर माल हजारोंच्या किमतीचा, त्या औषधाला किंवा उत्प्रेरकाला ही रीत परवडते. एकरी किलोंनी लागणाऱ्या खताला परवडणार नाही.

शेतातले निकाल काय सांगतात? इफकोच्या म्हणण्याप्रमाणं ११ हजारांहून अधिक शेतकऱ्यांच्या शेतात ९४ पिकांवर चाचण्या झाल्या आणि उत्पादन सरासरी ८ टक्क्यांनी वाढलं. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठानं दोन वर्षं घेतलेल्या प्रयोगात मात्र, नेहमीच्या शिफारशीच्या तुलनेत गव्हाचं उत्पादन २१.६ टक्क्यांनी आणि भाताचं १३ टक्क्यांनी घटलं. २०२३ मध्ये कोपनहेगन विद्यापीठाचे मॅक्स फ्रँक आणि सोरेन हस्टेड यांनी ‘प्लांट अँड सॉइल’ या शोधपत्रिकेत या दाव्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचं लिहिलं. दोन्ही बाजू तुमच्यापुढं ठेवल्या. वरचा हिशेब कोणत्या बाजूला झुकतो, ते तुम्ही पाहिलंच.

यात हेतू चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. युरियाची पोती ओतून ओतून वेदगंगा, दूधगंगेच्या काठच्या जमिनीचं आणि विहिरींचं भलं होत नाही. नत्र कमी लागावं, जे दिलं ते पिकाला मिळावं, ही गरज खरी आहे. पण एका हंगामाचं नत्र कमी पडलं तर उसाचं टनेज घटतं, आणि त्याची भरपाई बाटलीवरचा शब्द करत नाही. पेरणीच्या वेळचा खताचा हप्ता कमी करू नये, हे तर इफकोही सांगते.

गावाकडून फोन आला तर

नॅनो शब्द असलेली कुठलीही बाटली, मग ती खताची असो, टॉनिकची असो की चेहऱ्याला लावायच्या मलमाची, तीन प्रश्न विचारा. कण कशाचा आहे? पाण्यात तो कण म्हणून कशामुळं टिकतो? आणि मूळ पदार्थ एकूण किती ग्रॅम आहे? तिसऱ्याचं उत्तर लेबलवरच्या टक्केवारीतून पाच मिनिटांत काढता येतं. ते काम आपलं, कारण मोबाइलवर हिशेब करायला गावाकडं सवड कमी असते.

घरातल्या मुलांना एक प्रयोग करून दाखवा. तीन काचेचे पेले घ्या. एकात साखरेचं पाणी, दुसऱ्यात पाणी आणि दुधाचा एक थेंब, तिसऱ्यात नुसतं पाणी. अंधाऱ्या खोलीत बाजूनं लेझर पॉइंटर सोडा, कुणाच्या डोळ्यावर मात्र जाऊ देऊ नका. दुधाच्या पेल्यात किरणाची रेघ ठळक दिसेल. साखरेच्या पाण्यात ती जवळजवळ दिसणार नाही. विरघळणं आणि कण असणं यातला फरक मुलांना आयुष्यभर लक्षात राहील.

आणि तरीही मामांना, काकांना बाटली वापरून बघायचीच असेल, तर सगळ्या रानात नको. शेजारी शेजारी दोन-दोन गुंठ्यांचे तीन पट्टे आखा. वाण एक, लागणीचा दिवस एक, पाणी एक. पहिल्याला नेहमीचं वरखत, दुसऱ्याला शिफारशीप्रमाणं नॅनो, तिसऱ्याला वरखत अजिबात नाही. हा तिसरा पट्टा विसरू नका. नॅनोचा पट्टा हिरवा दिसला, तर ती करामत बाटलीची की जमिनीत आधीच असलेल्या नत्राची, हे त्याच्याशिवाय कळत नाही. तोडणीच्या वेळी तिन्हींचं वजन वेगवेगळं करा. माती तपासून घ्यायला किंवा पट्टे आखताना सल्ला घ्यायला निपाणीत धारवाड कृषी विद्यापीठाचं कृषी संशोधन केंद्र आहे, आणि बैलहोंगल भागाच्या जवळ असाल तर मत्तिकोप्पला केएलईचं कृषी विज्ञान केंद्र आहे.

आपल्या घरच्या रानात कोणी असे पट्टे आखले, तर तिन्ही वजनं, पीक आणि गावाचं नाव एवढं मंडळाकडं जरूर पाठवा. सोयाबीनची निघतील दिवाळीपर्यंत, उसाची थोडी उशिरा. पाच-दहा घरांचे आकडे जमले की याच सदरात तक्ता करून मांडतो, निकाल कुठल्याही बाजूचा लागो.